ठरल्याशिवाय साखर नाही

सत्तरला नको गं बाय, जरा खाली लाव ना. साठ? साठ बी राहू दे — पन्नासला न्हाय का लागत ते? तुझ्या त्या मोबाइलात असेल की कुठंतरी, खाली-वर करायचं. न्हाय, मला कळतंय, डॉक्टरांनी सत्तर लिहून दिलंय, झोपेत यांची साखर सत्तरच्या खाली उतरली की मोबाइल बोंबलणार, मी उठणार, यांना साखरपाणी पाजणार — कळतंय सगळं, मी चौथी शिकलेय पण आकडे मला येतात. पण सत्तरला होतंय काय सांग ना. सत्तरला नुसता घाम येतो. घामासाठी कोण उठवतं माणसाला? इथं लाइट गेली तरी अख्ख्या गावाला घाम येतो, मंग काय सगळ्यांच्या दंडाला चकत्या लावणार हायेस तू?

बस, बस तू. पहिला आकडा यायला तास लागतो बोललीस ना? मंग तासभर उभी राहणार काय. ती खुर्ची घे — ती न्हाय, तिचा पाय गेलाय, ती निळी घे. दवाखान्यानं पाठवलेली पूर्वा ना तू? चांगलं हाय. चहा ठेवते. तुला साखरेचा ना? आमच्याकडं दोन्ही होतात, एका चुलीवर दोन संसार. त्यांच्याकडं नको बघू, ते तसेच बसतात खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. आता तू दंडात सुई टोचून ती साखर मोजायची चकती बसवलीस — हूं केलं न्हाय की चूं. आन् तू हळू बोलू नको, त्यांना काय ऐकू जात न्हाय. बत्तीस वर्षं लूमवर काढली भिवंडीत, कान तिकडंच ठेवून आले. मीच बघ ना किती मोठ्यानं बोलते. अडतीस वर्षं झाली लग्नाला, हळू बोलायचं विसरूनच गेले, आता देवळात जरी गेले तरी पुजारी बोलतो, आजी, देवाला ऐकू येतं.

तू कधी पावरलूमच्या कारखान्यात गेलीस काय? जाऊ नको. शंभर लूम एकदम खडखडतात, बाजूच्याचा आवाज बाजूच्याला येत न्हाय, मंग तिकडं कोण बोलतच न्हाय, सगळा कारभार हातवाऱ्यांचा. आन् हे कारखान्यातनं घरी यायचे ते हातवारे घेऊनच. चहा पायजे — करंगळी वर. जेवायला वाढ — हात असा आडवा. भाजीत मीठ जास्त झालं तर दोन बोटांची कात्री, म्हणजे धागा तुटला, लूम बंद कर. मी समजायचं की कालवण बिघडलं. सागर झाला तेव्हा ड्युटीवरनं तसेच दवाखान्यात आले, डोक्यात कापूस, पोराकडं बघितलं, आन् अंगठा नि बोट असं चोळलं — असं. कापडाचा पोत बघतात ना बोटांत धरून, तसं. माल चांगला उतरलाय. बाजूच्या खाटेवरची बाई मला विचारते, तुझा नवरा आल्या आल्या पैसे कशाला मागतोय? आता हिला काय सांगू. एवढंच कौतुक झालं बघ माझं अडतीस वर्षांत, ते बी पोराच्या नावावर.

मारत न्हाय, पीत न्हाय, पगार आणून हातात द्यायचे. तक्रार करायला जागाच न्हाय. बोलत न्हाय ही काय तक्रार झाली? मी आईला सांगायला गेले एकदा माहेरी, तर ती बोलली, बोलत न्हाय तर बरंच हाय की, तुझा बापूस बोलतो तेव्हा काय सोनं सांडतं? झालं. मंग मी बी दोन माणसांचं एकटीच बोलायला लागले, माझं माझं आन् त्यांचं बी माझंच. आज काय करू? वांगं कर. वांगं परवाच झालं ना? मंग सुकट कर. असं. शेजारच्या सीताबाईला वाटायचं, आमच्या घरात केवढा संवाद हाय.

काय? हां, ते कागदावरचं ना — रोज रात्री साखर उतरते का. रोज न्हाय. आठवड्यातनं दोनदा, कधी तीनदा. अकरा वर्षं झाली आजाराला, पण इंजेक्शन दोन वर्षांपास्नं. संध्याकाळी इंजेक्शन घेतात आन् जेवताना अर्ध्यातनं उठतात, मंग रात्री साखर उतरणार न्हाय तर काय. आता तू लिहिशील — सावळाराम यांना दरदरून घाम येतो — बघ, नाव घेतलं मी. उखाण्याबिगर घेतलं. तुझ्या कागदानं घ्यायला लावलं. लिही तर. सत्तरला घाम. साठला चिडचिड, पांघरूण लाथाडतात. पंचावन्नला खारबावहून निघतात. पन्नासला अंबाडीला पोचतात. पंचेचाळीसला — लिहीत का न्हायस?

मुलगी बघायला गं. मुलगी बघायला निघतात.

तू हसतेस. हस. मी हसले नव्हते पहिल्यांदा. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट, मला जाग आली तर हे खाटेवर उठून बसलेले. मांडी घालून, ताठ. बनियन ओलं, हात असे थरथरतात, आन् डोक्यावर हात फिरवून टोपी सरळ करतायत — टोपी कुठली, बावीस वर्षांचे असताना घालायचे. आन् बोलले. बाय, बोलले. स्वच्छ, चांगल्या आवाजात, मला तर पहिल्यांदा कळेना हा कोणाचा आवाज. बोलले, नमस्कार, आम्ही खारबावहून आलो. मी मागं वळून बघितलं कोण आलंय ते. मंग माझ्याकडं बघून विचारतात, तुम्ही मुलीची आई का?

मला. अडतीस वर्षं ज्याला तांदळाच्या भाकऱ्या थापून घातल्या त्यानं मला विचारलं, मुलीची आई का. मी बोलले, अहो मी, मी हाय. तर बोलतात, बसा आई, पाण्याची घाई नको, मुलीला बाहेर बोलवा. मला वाटलं, गेला माणूस हातातनं, लागीर झालं. सकाळी सीताबाई बी तेच बोलली, भगताकडं ने. मी बोलले, भगताकडं मशीन हाय काय बोट टोचायचं? कारण मशीन मी लावलं होतं त्याच वेळेला, सागरनं शिकवलंय मला. अठ्ठेचाळीस. मंग मला कळलं की हे लागीर न्हाय, ही साखर हाय. डॉक्टरांनी सांगितलेलं, साखर उतरली की माणूस भलतंसलतं बोलतो, वेळ घालवू नका, तीन चमचे साखर पाण्यातनं द्या. मी धावत साखर आणली, तोंडाशी नेली — आन् यांनी तोंडावर हात धरला. बोलतात, ठरल्याशिवाय साखर न्हाय.

आता ही त्यांच्या बापाची शिकवण. माझे सासरे लय कडक. मुलगी बघायला गेलं की तिकडं गोड तोंडात घालायचं न्हाय. चहा दिला तरी नुसता पुढं ठेवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, बस. ठरलं की मंग मोठं माणूस सगळ्यांच्या तोंडात साखर घालतं आन् ती खाल्ली की मागं फिरता येत न्हाय. साखर खाल्ली म्हणजे शब्द दिला. आता तू सांग, नवरा माझा, साखर उतरलेली, साखर माझ्या हातात, आन् तो तोंड उघडत न्हाय, का? तर सोयरीक जुळली न्हाय. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी दाबलं नाक. तोंड उघडलं, आन् सगळी साखर फुर्रकन माझ्याच अंगावर. दोन दिवस गादीला मुंग्या होत्या.

मंग काय केलं? मंग मुलगी झाले. न्हाय तर काय करणार, माणूस डोळ्यांदेखत थंड पडत चाललेला. आत गेले, डोक्यावर पदर घेतला, ताटलीत स्टीलचा पेला, पेल्यात साखरपाणी, आन् दाराआड उभी राहिले. आन् बांगड्या वाजल्या माझ्या. मुद्दाम न्हाय, ताटली सावरताना. आन् यांनी मान वर केली. ज्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत न्हाय, कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाय, त्याला बांगडी ऐकू गेली. बोलले, आली का मुलगी? मी बाहेर आले. मान खाली. खाली बसले. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे कडकड वाजले. विचारतात, नाव काय? मी बोलले, तुळजा. ऐकू गेलं न्हाय. मोठ्यानं बोलले, तुळजा. शिक्षण? चौथी. भाकरी येते का? येते. मी सगळं ओरडून ओरडून सांगतेय, रातचे तीन वाजलेले, दुसऱ्या दिवशी सीताबाई विचारते, काय गं, रातच्याला कोणाची सोयरीक जमवत होता? मी बोलले, पाव्हणे आले होते. खोटं काय बोलले मी?

एकदा तर हेमाली खाली आली, सून माझी. सागर मानकोलीला गोडाउनमधी, त्याची नाइट ड्युटी, मंग ती एकटीच वर झोपते. ती आवाजानं खाली आली तर सासू डोक्यावर पदर घेऊन ताटली धरून उभी. तिला वाटलं मलाच काय झालंय. मी तिला बोलले, तूच ये पुढं, तू तरुण हायेस, तुला बघून लवकर हो म्हणतील, साखर जाईल पोटात. तिच्या हातात ताटली दिली. हेमाली दिसायला तशी देखणी, तू बघशीलच. यांनी तिच्याकडं बघितलं, हात जोडले, आन् बोलले, ही न्हाय. ही चांगली हाय, पण ही न्हाय. आतली. दाराआड बांगड्या वाजतात ती.

चहा घे, निवतोय. बिस्कीट घे. मला काय झालं? काय झालं न्हाय, धूर गेला डोळ्यांत. गॅसला बी कधी कधी धूर असतो.

तुला एक सांगते. खरी बघाबघी झाली ना आमची, अंबाडीला, माझ्या बापाच्या ओटीवर, तेव्हा मी दाराआडच होते. मला कोणी बाहेर बोलावलंच न्हाय. हे आले, मान खाली घालून बसले, जमिनीकडं बघत. मी फटीतनं बघत होते, माणसानं एकदा बी मान वर केली न्हाय. मला वाटलं, याच्या मनात न्हाय, याला जबरीनं आणलाय. बोलणी कोण करत होता — माझा केसरीनाथ मामा. तासाभरानं मामा आत आला, बोलला, तोंड उघड, आन् मूठभर साखर कोंबली माझ्या तोंडात. मला वाटलं गाय व्याली. साखर चावून संपत आली तेव्हा कळलं, लग्न ठरलंय, आन् ते माझंच हाय. मला विचारलं न्हाय कोणी. तेव्हा कुठं विचारायचे. मी बी काय वाईट वाटून घेतलं न्हाय, विचारलं असतं तर काय बोलायचं तेच मला ठाऊक नव्हतं.

आन् आता हे. रातचे तीन, मशीनवर सत्तेचाळीस, अंगातनं पाणी गळतंय, आन् मी बोलते, ठरलं हो ठरलं, घ्या साखर. तर बोलतात, मुलीला विचारलं का? मी पसंत हाय का विचारा. तिनं हो बोलल्याशिवाय मी घेणार न्हाय. हा प्रश्न अडतीस वर्षं उशिरा आला गं. मी बोलले, पसंत हाय. ऐकू गेलं न्हाय. ओरडले, पसंत हाय. मंग पेला घेतला, गटागट प्यायले, पंधरा मिनिटांत शंभरावर आले, घोरायला लागले. सकाळी उठले तर काय आठवत न्हाय. करंगळी वर. चहा.

ते सवयीचं झालं. हो, तू लिही सवयीचं झालं म्हणून. न्हाय, ते नको लिहू. मंग एका दिवशी दुपारी कालवणावरनं कात्री दाखवली त्यांनी, पाव्हण्यांच्या समोर. मला राग आला. रात्री हे आले आपले अंबाडीला, विचारतात, मुलीला विचारलं का? मी बोलले, मुलगी विचार करून सांगते बोललीय. उगाच. गंमत. तर बोलतात, सांगा सावकाश, मी थांबतो. आन् थांबले. थांबल्या थांबल्या बोलायला लागले. बोलतात, लोक सांगतील मी कमी बोलतो, खरं हाय, पण मुलीला सांगा मी ऐकतो. बोलतात, मी लूमवर लागलोय, तिकडं आवाज लय असतो, मी तिचं बोलणं ऐकायला घरी येईन. पुढच्या वेळेला बोलले, मला मांजर सोसत न्हाय, मुलीला चालेल का? अडतीस वर्षांत आमच्याकडं तीन मांजरं होऊन गेली, एक यांच्या उशाशी झोपायचं, मला पत्ताच न्हाय. आन् एकदा बोलले, तिच्या बांगड्या हिरव्या हायेत, मी न बघता सांगतो. मी बघितलं तर हिरव्याच.

दोन मिनिटं. जास्त न्हाय. मंग कधी पाच. एका हातात मशीन, एका हातात पेला, परत परत बोट टोचून नजर आकड्यावर — मी बेसावध नव्हते हां, मी बरोब्बर बघत असायचे. पंचेचाळीस झाले की पसंत हाय बोलायचे आन् पाजायचे. कधी त्रेचाळीस. एवढं तर चालतं ना? चालत न्हाय? बरं. माझ्याकडं तसं बघू नको, तू लहान हायेस. तुझं लग्न झालंय? न्हाय ना. मंग तुला काय कळणार, की माणूस एकदा बोलायला लागला की त्याच्या तोंडात साखर घालून त्याला गप्प करायचं म्हणजे काय. चांगलं बोलणाऱ्याला आपण बोलतो ना, तुझ्या तोंडात साखर पडो? आमच्यात उलटं. साखर पडली की बंद.

जेवण? जेवण मी कमी वाढत न्हाय. छे. माझ्या घरात कोण उपाशी उठलेलं न्हाय. एकदा — एकदा भात कमी वाढला असेल. भात संपला होता.

संपला नव्हता.

एकदाच. सागरची शपथ. पंधरा दिवस आलेच नव्हते अंबाडीला, साखर अगदी सरळ चाललेली, डॉक्टर बोलले शाबास. मी बी बोलले शाबास. मंग त्या रात्री टोपात भात असताना मी बोलले, संपला. आन् हे उठले, हात धुतले, झोपले. हे लिहू नको. हे तुला बोललेच न्हाय मी.

मागचा मंगळवार तुला ठाऊकच हाय, त्याचाच कागद घेऊन तू आलीस. पण तुझ्या कागदावर काय लिहिलंय? पत्नी झोपेत होती. हो ना? मीच सांगितलं ते. डॉक्टरांना तेच, सागरला तेच, हेमालीला तेच. तुला — तुला मी आता काय सांगायला बसले गं? जाऊ दे. निम्मं तर सांगून झालंय.

त्या दिवशी हळदीला जायचं होतं. मी नवी साडी नेसले, मोतिया रंगाची, यांच्यासमोर उभी राहिले, बोलले, कशी दिसते? यांनी बघितलं, आन् कात्री. दोन बोटांची. बाय, मी हळदीला गेले पण मला तिकडं काय गोड लागलं न्हाय. घरी येऊन साडी सोडताना बघितलं तर काठाचा धागा सुटून लोंबत होता. ते धागा दाखवत होते गं. खराखुरा धागा. पण ते मला नंतर कळलं, तोवर राग मुरला होता. रात्री आले. शेहेचाळीस. विचारतात, मुलीला विचारलं का? मी बोलले, विचारलं. काय बोलली? मी बोलले, न्हाय बोलली. पसंत न्हाय.

मला बघायचं होतं गं, काय करतात. वाटलं, विनवतील. मांजरासारखं काहीतरी नवीन सांगतील. तर त्यांनी नुसती मान हलवली. बोलले, बरं. मुलीची मर्जी. तिला बोलू नका कोणी काय. आन् हात जोडले, उठले, खाटेखाली चपला शोधल्या, माझीच एक चप्पल पायात घातली आन् निघाले. मी पेला घेऊन मागं, अहो थांबा, मुलगी हो बोलली, हो बोलली, ओरडतेय मी — पण पाठ फिरवलेल्या बहिऱ्या माणसाला काय ऐकू जाणार. उंबऱ्यावर पोचले आन् कोसळले. डोळे पांढरे, दातखीळ. हेमाली धावत आली, सीताबाईच्या पोराची रिक्षा काढली. दवाखान्यात मशीन लावलं तर एकतीस. डॉक्टर बोलले, अजून दहा मिनिटं लागली असती तर मला विचारू नका. मी झोपले होते, बोलले मी. पायात एकच चप्पल होती माझ्या, दुसरी त्यांच्या पायात, ते बी कोणी विचारलं न्हाय.

तीन दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर बोलले डोक्याला काय इजा न्हाय, इंजेक्शन कमी केलंय, ही चकती लावून घ्या. पण तेव्हापास्नं हे असे बसलेत. करंगळी बी वर करत न्हाय. चहा पुढं ठेवते तर नुसतं पाणी पितात. हात आडवा न्हाय, कात्री न्हाय, काय न्हाय. जेवण वाढलं तर मुकाट जेवतात, पाव्हण्यासारखं. मुलीनं नाकारलेला माणूस कसा बसेल? तसेच बसलेत बघ. डॉक्टर बोलले काय आठवत नसतं. आठवत नसेल. पण पोटात कुठंतरी जात असेल ना.

लाव तू. सत्तरला लाव. ऐंशीला लागतं का? मंग ऐंशीला लाव. खारबावलाच अडवते त्यांना, निघूच देत न्हाय. मंग कोण येणार न्हाय मला बघायला, न येईना. मांजर सोसत न्हाय ते कळलंय, बांगड्या हिरव्या ते कळलंय, एवढ्यावर निघेल की माझं. मला माणूस पायजे गं, मुका तर मुका. लावलंस? वाजवून दाखव एकदा. बापरे, सीताबाई बी उठेल याला. चांगलं हाय.

झाला तास? आला आकडा? किती — एकशेबत्तीस. चांगला ना? हिरव्यात हाय, मला दिसतंय, रेघ सरळ हाय. मंग झालं तुझं काम, आता तू —

काय बोललीस?

तू न्हाय? मंग कोण — अहो? अहो, इकडं कशाला वळलात, चकतीला हात लावू नका. काय बोललात? परत बोला. पूर्वा, आकडा बघ. आधी आकडा बघ. एकशेबत्तीसच? न्हाय, नीट बघ, चकती बिघडली असेल, बोट टोचून बघ. ते बोट पुढं करतायत, टोच. किती? एकशेएकोणतीस. म्हणजे शुद्धीत हायेत? अगदी शुद्धीत? मंग ते काय बोलले ते तू बी ऐकलंस ना — मुलीनं परत विचार केला का, असंच ना? असंच बोलले ना?

अहो, तुम्हाला ऐकू येतं? कधीपास्नं? सगळं ऐकलंत? भाताचं बी?

पूर्वा, बाय, तू आता जा. उशीर होईल तुला. कागदावर काय लिहायचं ते लिही, झोपेत होती तेच राहू दे. चहा राहिला तर राहू दे. दार ओढून घे. आन् जाताना तो फळीवरचा साखरेचा डबा तेवढा दे माझ्या हातात. त्यांना न्हाय गं, त्यांची बरोबर हाय आता. मला.